बरणीतला कोळी, सोलापूरचा उन्हाळा

सकाळी नऊ-साडेनऊचं ऊन कंपाउंडच्या भिंतीवर तिरकं पडलं की हरभऱ्याच्या डाळीएवढा एक राखाडी ठिपका भिंतीवरून चालताना दिसतो. चार पावलं सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. बोट जवळ नेलं तर तो लगेच पळत नाही. आधी अख्खं अंग वळवून बोटाकडे तोंड करतो आणि बघतो. बोट डावीकडे नेलं की डावीकडे वळतो, उजवीकडे नेलं की उजवीकडे. घरातल्या कीटकांत आणि कोळ्यांत माणसाकडे असं रोखून बघणारा दुसरा कुणी नाही. हा कोळी पाळावासा वाटतो तो या बघण्यामुळेच.

मराठीत त्याला वेगळं नाव नाही. उड्या मारणारा कोळी, एवढंच. दसऱ्या-दिवाळीच्या आधी आपण काठीला फडकं बांधून जी जळमटं काढतो ती याची नव्हेत. हा शिकारीसाठी जाळं विणत नाही. मांजरासारखा दबा धरतो, अंतराचा अंदाज घेतो आणि झेप टाकतो. धागा त्याला लागतो तो मुख्यतः दोन कामांसाठी. उडी मारण्यापूर्वी बूड टेकवून एक धागा चिकटवायचा, म्हणजे नेम चुकला तरी दोरावर लोंबकळत परत येता येतं. आणि रात्री झोपायला एक पांढरी पिशवी विणायची. जगात या कुळाच्या सहा हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. कोळ्यांचं एवढं मोठं दुसरं कूळ नाही. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका जातीला २०२१ साली हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, आयसियस तुकारामी. ती जात याच कुळातली.

डोळे आठ. पुढचे दोन मोठे, त्यांच्या शेजारी दोन लहान, बाकीचे चार डोक्याच्या माथ्यावर आणि बाजूंना. बाजूच्या डोळ्यांचं काम हालचाल टिपण्याचं. काही हललं की ते सांगतात आणि मग पुढचे दोन मोठे डोळे तिकडे वळतात. या मोठ्या डोळ्यांची रचना दुर्बिणीच्या नळीसारखी आहे. बाहेरचं भिंग कवचात घट्ट बसवलेलं, ते हलत नाही. आतली नळी आणि तिच्या तळाचा पडदा मात्र स्नायूंनी डावी-उजवीकडे, वर-खाली फिरतो. बरणीला डोळा लावून समोरून पाहिलं तर हे दिसतंसुद्धा. काळाभोर डोळा अचानक एका कडेने तपकिरी होतो, पुन्हा काळा होतो. म्हणजे आतली नळी वळली, नजर दुसरीकडे गेली. चांगला उजेड आणि दहा रुपयांचं भिंग एवढं पुरतं. हसारियस अदानसोनी नावाची जात जगभरच्या उष्ण प्रदेशांत घरांतून राहते. तिच्यावर जपानी शास्त्रज्ञांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिरव्या उजेडात या कोळ्याच्या उड्या अचूक पडत होत्या आणि नुसत्या लाल उजेडात तोकड्या. पडद्याच्या एका थरावर प्रतिमा स्पष्ट उमटते आणि दुसऱ्यावर धूसर. ती किती धूसर आहे यावरून तो अंतर मोजतो. खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूत हे गणित चालतं.

सोलापुरात हा शोधायला लांब जावं लागत नाही. उन्हातल्या भिंतीवर चपटा, राखाडी दिसतो तो बहुधा मेनेमेरस. घरात पडद्यामागे किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीवर डासांची वाट बघत बसलेला, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला नर किंवा तपकिरी मादी म्हणजे प्लेक्सिपस. ही जात पाळायला सगळ्यांत सोपी: अंगाने सेंटिमीटरभर, खायला उत्साही, माणसाच्या वावराची सवय असलेली. कढीपत्ता, जास्वंद, मधुमालतीच्या पानांवर पिवळसर अंगाची, पोटावर दोन तांबूस रेघा असलेली टेलामोनियाची मादी मिळते. तिला ओलावा जास्त लागतो, म्हणून नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. सिद्धेश्वर वनविहार किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काहीही उचलून आणायचं नाही, कोळीसुद्धा नाही. आपल्या घरात भरपूर आहेत.

ऑनलाइन विकला जाणारा, सुपारीएवढा गुबगुबीत दिसणारा फिडिपस रेजियस अमेरिकेच्या आग्नेय भागातला आणि कॅरिबियन बेटांवरचा. तो देखणा आहे हे मान्य. पण कागदपत्रांशिवाय इथे येणारा परदेशी प्राणी घेऊ नये आणि घेतलाच असेल तर तो कधीही बाहेर सोडू नये. माझं मत स्पष्ट आहे: पहिला कोळी आपल्या घराच्या भिंतीवरचाच असावा. तो या हवेतला आहे, आणि पाळणं जमलं नाही तर त्याला त्याच भिंतीवर परत ठेवता येतं.

पकडायला काचेचा ग्लास आणि एक पोस्टकार्ड. ग्लास वरून ठेवायचा, कार्ड खालून सरकवायचं. बोटांनी धरायचं नाही. पाय तुटतो. अर्धवट वाढलेला कोळी निवडावा, कारण पूर्ण वाढलेला नर मादीच्या शोधात हिंडत असतो आणि त्याचे दिवस थोडे उरलेले असतात. नर ओळखायला तोंडापुढचे दोन आखूड हात बघायचे. त्यांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी फुगलेली असतील तर तो पूर्ण वाढलेला नर. पोट फारच टम्म असलेली मोठी मादी अंड्यांवर आलेली असते. तिला तिच्या जागी राहू द्यावं.

आता मुख्य गोष्ट, जी सोलापुरात कोळी पाळणाऱ्याने बाकी सगळ्याच्या आधी समजून घ्यायला हवी.

आपण गुडघा वाकवतो तो स्नायूने आणि सरळ करतो तोही स्नायूने. कोळ्याच्या पायात वाकवणारे स्नायू आहेत, पण दोन मुख्य सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नाहीत. तो पाय सरळ करतो अंगातल्या द्रवाच्या दाबाने. शरीराच्या पुढच्या भागातले स्नायू आवळले की द्रव पायांत ढकलला जातो आणि पाय ताठ होतो, जसा पाण्याचा पाइप नळ सोडल्यावर ताठ होतो. उडीसुद्धा अशीच: मागच्या पायांत क्षणात दाब वाढतो आणि तो स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट लांब फेकला जातो. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं की या प्राण्याची चाल जाते. आधी उड्या आखूड होतात, मग भिंतीवर चढताना तो घसरतो, मग पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले जातात. लोक याला भुकेने मेला म्हणतात. भूक हा कोळी दोन-दोन आठवडे सोसतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे तो मरतो तहानेने. पाणी जपून वापरायची सवय असलेल्या या शहरात बरणीत रोज चार थेंब जास्त गेले तर बिघडत नाही.

घर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची बरणी, लोणच्याची असते तशी, पण नवी. वापरलेल्या बरणीतला हिंग-मोहरीचा वास धुऊनही राहतो. सेंटिमीटरभराच्या कोळ्याला एक लिटरची बरणी, अर्धवट वाढलेल्याला अर्धा लिटरची, पिल्लाला औषधाच्या डबीएवढी. मोठी बरणी म्हणजे मोठी सोय असं नसतं. जागा फार झाली की भक्ष्य एका कोपऱ्यात आणि कोळी दुसऱ्या.

बरणी उलटी ठेवायची. झाकण खाली, बूड वर. हा कोळी आपली पिशवी नेहमी सगळ्यांत उंच जागी विणतो. बरणी सुलटी असली तर ती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटते आणि दरवेळी झाकण उघडताना त्याचं घर फाटतं. तीन-चारदा घर फाटलं की तो खाणं सोडतो, कात टाकताना फाटलं तर जीव जातो. म्हणून वरच्या बाजूला, म्हणजे मूळच्या बुडाला, आतून एक प्लास्टिकचं पान किंवा कापडी फूल ग्लू गनने चिकटवायचं. त्याच्या आडोशाला तो घर करतो. खाली झाकणापासून दोन बोटं वर, बाजूने, बोट जाईल एवढं भोक तापल्या सळईने पाडायचं आणि त्यात स्पंजचा बोळा घट्ट बसवायचा. खाणं त्यातून आत सोडायचं, उरलंसुरलं त्यातूनच चिमट्याने काढायचं. कापसाचा बोळा नको, त्याच्या तंतूत नख्या अडकतात.

हवेसाठी तापलेल्या सुईने भोकं पाडायची: एका बाजूला खाली पंधरा-वीस, समोरच्या बाजूला वर पंधरा-वीस. खालून येणारी हवा वरून निघून गेली पाहिजे. नुसती वर भोकं पाडली तर तळाशी दमट हवा कोंडते आणि आठवड्यात बुरशी येते. सुई शक्यतो आतून बाहेर ढकलायची, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची धारदार कड बाहेर राहते. जमलं नाही तर आतून काचकागद फिरवायचा. पिल्लासाठी सुईचं भोकही मोठं होतं. तिथे झाकणाच्या जागी मलमलचं कापड रबराने बांधायचं. तळाला कोकोपीटचा बोटभर थर किंवा साधा टिश्यू पेपर. टिश्यूला मी जास्त मार्क देतो, कारण त्यावर बुरशी, विष्ठा, मेलेली माशी, सगळं लगेच दिसतं. एक-दोन सुक्या काटक्या तिरक्या टेकवायच्या, गरम पाण्यातून काढून वाळवलेल्या. डाळिंबाच्या बागेतली काटकी आणू नये. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष-डाळिंबावर किती फवारण्या होतात हे वेगळं सांगायला नको.

एका बरणीत एकच कोळी. दोन ठेवले तर एक उरतो.

सोलापूरचा उन्हाळा मार्चच्या मध्यापासून धरायचा. बाहेर ४२-४३ अंश असतात तेव्हा वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. या कोळ्याला २४ ते ३० अंश मानवतं, ३३-३४ चालवून घेतो. ३५च्या वर दिवसचे दिवस राहिला तर खाणं बंद करतो आणि झपाट्याने सुकतो. बरणीवर थेट ऊन तर कधीच नाही, हिवाळ्यातसुद्धा. बंद प्लास्टिकमध्ये ऊन शिरलं की दहा मिनिटांत आतली हवा बाहेरपेक्षा कितीतरी तापते. पण उजेड मात्र हवाच. हा दिवसाचा शिकारी आहे, अंधारात तो शिकार करत नाही. उत्तरेच्या खिडकीजवळची, तळमजल्यावरची जागा सगळ्यांत चांगली. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळतं. ते बरणीशेजारी ठेवावं. आपल्या अंगाला काय वाटतं यावर भरवसा ठेवू नये, कारण आपण पंख्याखाली असतो आणि घामाने थंड होतो, कोळ्याला घाम नाही.

मे महिन्यासाठी कुंभाराकडच्या दोन मातीच्या कुंड्या पुरतात. एक मोठी पसरट कुंडी, तिच्यात दुसरी लहान, मधल्या फटीत वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी ओतायचं आणि आतल्या कुंडीत बरणी ठेवायची; कुंडी वरून उघडीच राहू द्यायची. माठात पाणी जसं गार होतं तशी आतली हवा काही अंशांनी उतरते. हवा जितकी कोरडी तितका हा उपाय चांगला चालतो, म्हणून तो आपल्या उन्हाळ्यासाठीच जणू बनलेला आहे. पावसाळ्यात त्याचा काही उपयोग नाही. कुलर लावलेल्या खोलीत बरणी ठेवली तरी चालते, फक्त झोताच्या समोर नको; झोताने काटक्या हलत राहतात आणि कोळी पिशवीतून बाहेर येत नाही.

पाणी द्यायचं ते फवाऱ्याने, बरणीच्या एकाच भिंतीवर, धुक्यासारखं बारीक. कोळी थेंबाला तोंड लावून पितो, आणि ते पाहण्यासारखं असतं: थेंब हळूहळू लहान होतो आणि दोन आखूड हात त्याच्या कडेला टेकलेले असतात. फवारा त्याच्या अंगावर किंवा पिशवीवर मारायचा नाही. स्प्रेची बाटली नवी असावी. सॅनिटायझरची, अत्तराची, काच पुसायच्या द्रवाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. नळाचं पाणी रात्रभर भांड्यात ठेवून वापरलं की झालं. बोअरचं पाणी त्याला बाधत नाही, पण प्लास्टिकवर पांढरे डाग पडून आतलं दिसेनासं होतं. मार्च ते मे सकाळी एकदा आणि चार वाजता एकदा, जून ते सप्टेंबर तीन दिवसांतून एकदा, हिवाळ्यात दिवसाआड. ठरलेल्या वेळेपेक्षा बरणीकडे बघून ठरवावं: फवारलेलं पाणी तीन-चार तासांत वाळलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही भिंत ओली असेल तर भोकं कमी आहेत. अर्ध्या तासात वाळलं तर पाणी कमी पडतंय.

पाय आवळलेला कोळी सापडला तर लगेच मेला म्हणून टाकून देऊ नका. झाकणाला भोकं असलेल्या लहान डबीत पिळून घेतलेला ओला टिश्यू ठेवायचा, त्यावर त्याला उताणा नव्हे, सरळ बसवायचा, आणि चित्रकलेच्या बारीक ब्रशने एक थेंब तोंडाजवळ आणायचा. थेंब पोटाखाली जाऊ द्यायचा नाही, श्वास घ्यायची छिद्रं तिथे असतात. अर्ध्या तासात एखादा पाय हलला तर आशा आहे. चार-पाच तासांनी तो उभा राहतो. मात्र पाय आवळलेले नसून थरथरत असतील, चाल झिंगल्यासारखी असेल, तर ती तहान नाही, विष आहे.

आणि विष आपल्या घरात रोज असतं. डास पळवायची लिक्विडची मशीन, कॉइल, अगरबत्तीसारख्या काड्या, झुरळांचा खडू, सगळ्यांत कीटकांच्या मज्जातंतूंवर घाव घालणारी द्रव्यं असतात आणि कोळी त्यांना तितकाच बळी पडतो. ज्या खोलीत रात्री मशीन लागते तिथे बरणी ठेवायचीच नाही. याचा अर्थ लेकरांना डास चावू द्यावेत असा मुळीच नाही. डेंग्यूच्या दिवसांत घराची काळजी आधी. मशीन चालू ठेवा, बरणी दुसऱ्या खोलीत न्या, किंवा मच्छरदाणी लावा. गल्लीत धूरफवारणीची गाडी आल्याचा आवाज ऐकला की खिडक्या लावून बरणी घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात तासभर ठेवावी. एवढ्याशा जिवाला त्या डब्यातली हवा भरपूर होते. दिवाळीच्या रंगकामात तर कोळी शेजारच्या घरी पाहुणा पाठवलेला बरा. तंबाखू मळलेला हात बरणीत घालायचा नाही. निकोटीन हे मुळात कीटकनाशकच आहे.

दुसरा शत्रू मुंगी. खायला टाकलेल्या पतंगाचं एक पंख पडून राहिलं तरी तांबड्या मुंग्या सुईच्या भोकातून आत येतात, आणि पिशवीत कात टाकत पडलेला कोळी त्यांच्यापुढे काहीच करू शकत नाही. आजीने गुळाच्या डब्यासाठी केलेला उपायच इथे चालतो. परातीत पाणी, मधे उपडी वाटी, वाटीवर बरणी. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर बारक्या मुंग्या पाण्याच्या पृष्ठभागावरून चालत जातात. मे महिन्यात परात दुपारपर्यंत आटते, तेव्हा सकाळीच भरायची. पावसाळ्यात दोन दिवसांनी ओतून पुन्हा भरायची, म्हणजे त्यात डास होणार नाहीत.

खाण्याचा नियम सोपा: भक्ष्य कोळ्याच्या पोटाएवढं, फार तर त्याच्या अंगाएवढं. पिल्लाला रोज किंवा दिवसाआड, अर्धवट वाढलेल्याला दोन-तीन दिवसांनी, मोठ्याला चार-पाच दिवसांनी. पण खरं मोजमाप त्याचं पोट. सुरकुतलं, डोक्यापेक्षा लहान झालं की भूक किंवा तहान. द्राक्षासारखं ताणलं की थांबायचं, कारण असा कोळी उंचावरून पडला तर पोट फाटतं. हलणारंच खातो, मेलेल्या माशीकडे ढुंकून बघत नाही. रस्त्यावरची, मंडईतली माशी नको, तिने कुठे काय खाल्लं असेल सांगता येत नाही. मुंग्या नकोत, भिंतीवर मारलेल्या औषधाने पेंगलेलं झुरळाचं पिल्लू तर अजिबात नको.

फळमाश्या सगळेच सुचवतात. पिकलेल्या केळ्याचा तुकडा, गुळाचा खडा, चिमूटभर यीस्ट काचेच्या बाटलीत घालून तोंडाशी कागदाचं नरसाळं बसवलं की त्या आपोआप येतात, आणि २५ अंशांना दहा-बारा दिवसांत पुढची पिढी निघते. पिल्लांसाठी याला पर्याय नाही. पण तापमान ३०च्या वर गेलं की फळमाशीचे नर वांझ होतात. एप्रिलमध्ये सोलापुरातल्या बाटल्या बंद पडतात त्या यामुळे. लोक केळं बदलतात, यीस्ट बदलतात. दोष उष्णतेचा असतो. बाटली त्या वाळूच्या कुंडीत ठेवली तर थोडीफार निभते.

मोठ्या कोळ्यासाठी मात्र आपल्या घरातच त्याहून चांगलं भक्ष्य आहे. ज्वारीच्या कोठीला जाळी धरते, भाकरीचं पीठ काढताना दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि फिकट राखाडी पतंग उडतात, तो पतंग म्हणजे कॉर्सायरा. धान्याचा शत्रू म्हणून तो बदनाम आहे, पण पिकावरच्या किडी मारणारे मित्रकीटक तयार करणाऱ्या प्रयोगशाळांत हाच पतंग भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर मुद्दाम वाढवतात. घरच्यासाठी प्रमाण असं: अर्धा किलो ज्वारी, एका दाण्याचे तीन-चार तुकडे होतील अशी भरडलेली; २० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, शेंगा चटणीचं नव्हे, मीठ-तिखट-लसूण नसलेलं; एक ग्रॅम यीस्ट. भरडलेली ज्वारी आधी कढईत हाताला चटका बसेपर्यंत गरम करून पूर्ण गार करायची, म्हणजे तिच्यातले सोंडे आणि त्यांची अंडी मरतात. ही पायरी गाळली तर महिन्याभरात डब्यात पतंग नाही, सोंडेच सोंडे दिसतात, आणि त्यांचं कवच कोळ्याला फोडता येत नाही. ज्वारीत पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर घातलेली नसावी.

पसरट डब्यात हे मिश्रण तीन बोटं जाड पसरायचं, जाळी धरलेल्या ज्वारीचा एक मूठभर गोळा त्यात ठेवायचा, डब्याच्या तोंडाला मलमल बांधायची. अळ्या दिसू लागायला दोन-तीन आठवडे, पतंग निघायला दीड-दोन महिने. ऊन-उष्णता या पतंगाला फळमाशीइतकी बाधत नाही. अळी मऊ, पौष्टिक, पळून न जाणारी; पतंग फडफडणारा, म्हणून कोळ्याला झेप घ्यायला लावणारा. दोन्ही आलटून-पालटून द्यावेत. अळी दिली तर ती खाल्ली गेली का हे त्याच दिवशी बघायचं. उरलेली अळी कोकोपीटमध्ये शिरते, आणि कात टाकणाऱ्या कोळ्याला कुरतडू शकते. पतंगांच्या पंखांची भुकटी दम्याच्या माणसाला त्रास देते, तेव्हा डबा उघडताना नाकाला रुमाल हवा. आणि डबा स्वयंपाकघरापासून दूर, नाहीतर घरची ज्वारी जाईल. शेतीच्या दुकानात ट्रायकोकार्ड मिळतं, त्यावर याच पतंगाची अंडी असतात. पण ती परोपजीवी गांधीलमाशीने आधीच पोखरलेली असतात, त्यातून पतंग निघत नाहीत.

मग एक दिवस तो खात नाही. पतंग समोरून गेला तरी मागे सरतो. पिशवी जाड, पांढरीफटक होते आणि तो आत दिसेनासा होतो. नवखा माणूस इथे घाबरतो, बरणी हलवून बघतो, पिशवी काडीने उघडतो. हात लावायचा नाही. तो कात टाकतोय. पाच दिवस लागतात, कधी दोन आठवडे, मोठ्या कोळ्याला त्याहूनही जास्त. बरणीतलं सगळं जिवंत खाणं काढून घ्यायचं, फवारा चालू ठेवायचा, पण पिशवीपासून दूर. हवा फार कोरडी राहिली तर जुनं कवच पायांना चिकटून राहतं आणि तो त्यातच अडकतो. ओढून सोडवायला गेलं की पायच येतो. एखादा पाय गेलाच तर, वाढीचं वय असेल तर, पुढच्या कातीला नवा पाय फुटतो, आधी बारीक, मग भरलेला. बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस खायला द्यायचं नाही. नख्या-दात अजून मऊ असतात. पाणी मात्र लगेच.

हातावर घ्यायचं असेल तर जमिनीवर सतरंजी टाकून बसावं. हात पुढे धरायचा आणि त्याला यायचं असेल तर येऊ द्यायचं, मागून ढकलायचं नाही. पुढचे पाय उंचावून तो अंतर जोखतो, मग उडी. चावणं क्वचित, दाबला गेला तरच, आणि तेही मुंगी चावल्यासारखं. आपल्याकडे अंगावर पुरळ किंवा भाजल्यासारखा पट्टा उठला की कोळी मुतला म्हणतात. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा एक बारीक, तांबडा-काळा लांबट किडा असतो. तो कातडीवर चिरडला गेला की त्यातल्या रसाने नेमका असा पट्टा उठतो. कोळ्यावरचा हा आळ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि तो उतरायला हवा. वेदना देणारा, एका बाजूलाच फोडांचा पट्टा असेल तर ती नागीण असू शकते, तेव्हा डॉक्टरकडे जावं.

मादी पूर्ण वाढलेली असताना पकडली असेल तर कधीतरी पिशवीत अंडी दिसतात. ती अंड्यांवर बसून राहते, खाणं कमी करते. पाणी द्यायचं आणि तिला तिच्यावर सोडायचं. दोन ते चार आठवड्यांत पिल्लं फुटतात, पण लगेच बाहेर येत नाहीत. पहिली कात पिशवीतच टाकतात. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखवलं की या कुळातल्या एका जातीच्या पिल्लांच्या पारदर्शक डोक्यातून झोपेत डोळ्यांचे पडदे हलताना दिसतात, जसे स्वप्न पडताना माणसाचे डोळे पापणीआड हलतात. पिल्लं बाहेर आली की दोन-तीन ठेवावीत, बाकीची आई जिथे सापडली त्याच भिंतीशी, त्याच जास्वंदीवर, सकाळी ऊन कोवळं असताना सोडावीत. सगळी वाढवायचा हट्ट धरला तर तितक्या डब्या, तितक्या फळमाश्या रोज लागतात आणि अर्धी पिल्लं उपाशी राहतात.

याचं आयुष्य वर्षभराच्या आसपास, नराचं त्याहून कमी. म्हातारपण ओळखू येतं. तो भिंतीवर चढताना थांबतो, पडतो, पायांच्या टोकांची पकड जाते, उडी मारायच्या आधी बराच वेळ घेतो आणि मग मारतच नाही. अशा वेळी उंच काटक्या काढून टाकाव्यात, एक आडवी ठेवावी. पान वरून काढून तळाशी टिश्यूजवळ टेकवावं, म्हणजे पिशवी विणायला चढावं लागणार नाही. पतंग देऊ नये. अळीचं डोकं चिमट्याने चेचून तिला त्याच्या तोंडाशी हलवत धरावं. भिंतीवरचा थेंब त्याला गाठता येत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ ब्रशच्या टोकावर थेंब घेऊन समोर धरायचा. तो आधी ब्रशकडे बघतो. मग दोन्ही आखूड हात पुढे करून थेंबाला टेकवतो.